पाला आधी गव्हाणीत, मग मातीत

पत्र : आमची करमाळा तालुक्यात पाच एकर जिराईत आहे. तीन एकर मुरमाड माळ, दोन एकर ओढ्याकडची काळी. दावणीला एक खिलार, एक संकरित गाय आणि सात उस्मानाबादी शेळ्या. चार वर्षांपूर्वी बांधावर गिरिपुष्प लावलं, त्यातली ३००च्या आसपास झाडं जगली. विहिरीकडेला वीस-पंचवीस सुबाभळी आहेत. यंदा माती तपासून घेतली, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला. एका शिबिरात सांगितलं की बांधावरचा सगळा पाला मातीत गाडा, जनावराला घालू नका. सासरे म्हणतात, दावणीला जनावर उपाशी आणि तुम्ही माती पोसता. पाला शेळ्यांना घाला. यावरून घरात रोज बोलाचाली. उन्हाळ्यात सरकी पेंड विकत आणावी लागते आणि तिच्यासाठी आम्ही कडबा विकतो. मुलानं मोबाइलवर पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या चाऱ्याचा, म्हणजे अ‍ॅझोल्याचा व्हिडिओ दाखवला. शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडलं की शेणखत लागत नाही, असंही कानावर आलं. काय करावं? – करमाळा तालुक्यातली एक शेतकरी

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. झाडं किती, जनावरं किती, कर्ब किती, हे सगळं तुम्ही मोजून लिहिलंत, म्हणून मलाही मोजून उत्तर देता येतंय. मृगाला अजून तीन-चार आठवडे आहेत आणि यातली काही कामं पावसाआधीच व्हायला हवीत.

तुमच्या घरातला वाद खरा आहे. पाला एकच आणि तोंडं दोन, एक जनावराचं आणि एक मातीचं. माझं मत सरळ सांगते. सासऱ्यांचं पारडं जड आहे, पण एका अटीवर. ती अट गोठ्यातली आहे, तिच्याकडे येतेच.

आधी वजन करू. चार वर्षांच्या, नीट वाढलेल्या गिरिपुष्पाच्या एका छाटणीत जाड काड्या सोडून दोन-अडीच किलो ओला पाला निघतो. वर्षात दोन छाटण्या धरल्या तर ३०० झाडांचा साधारण दीड टन. वाळल्यावर त्याचा पाव हिस्सा उरतो, म्हणजे पावणेचारशे किलो. त्यात नत्र (नायट्रोजन) तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अकरा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या थोडं वर नत्र असतं. म्हणजे हा सगळा पाला मातीत गाडला तर नत्राच्या हिशेबानं युरियाची अर्धी गोणी झाली. अनुदानामुळे युरिया स्वस्त आहे, अर्ध्या गोणीला दीडशे रुपयेही पडत नाहीत.

आता तोच पाला गव्हाणीत टाका. अकरा किलो नत्र म्हणजे सत्तर किलोच्या घरात प्रथिनं. सरकी पेंडीत प्रथिनं वीस-बावीस टक्के, तेव्हा तेवढ्या प्रथिनांसाठी तीनशे किलोच्या वर पेंड लागेल. ५० किलोच्या सहा गोण्या. यंदा तुम्ही कोणत्या भावानं आणली ते तुम्हाला ठाऊक आहे, गुणाकार तुम्हीच करा. पेंडीत तेल असतं, ताकद असते, म्हणून पाला पेंडीची जागा पूर्ण घेत नाही आणि दुधातल्या संकरित गाईची पेंड एकदम बंद करू नका. पण एकीकडे अर्धी गोणी युरिया आणि दुसरीकडे सहा गोण्या पेंड, हा फरक शिबिरात कुणी मांडला नाही याचं मला वाईट वाटतं. मातीची काळजी करणाऱ्यांनी गोठ्याचा हिशेब सोडून बोलू नये.

शिवाय जनावराच्या पोटात गेलेला पाला संपत नाही. खाल्लेल्या नत्रातलं दहात दोन-तीन वाटे दुधामांसात जातं, सात-आठ वाटे मागच्या बाजूनं परत येतं. पाला आधी गव्हाणीत आणि मग मातीत गेला तर एकाच पाल्याचे दोन उपयोग होतात. थेट मातीत गेला तर एकच.

आता ती अट. परत येणारं नत्र सगळं शेणात नसतं. हिरवा पाला, पेंड असं चांगलं खाणाऱ्या जनावराचं निम्म्याहून जास्त नत्र मुतातून बाहेर पडतं, आणि पालाश (पोटॅश) तर बहुतेक सगळं मुतातूनच. तुमच्या पत्रात शेणाचा उल्लेख आहे, मुताचा नाही. बहुतेकांच्या पत्रात नसतो. दोन गाईंचं मिळून दिवसाला दहा-बारा लिटर मूत होतं. अगदी कमी धरलं तरी वर्षाला त्यात युरियाच्या एका गोणीइतकं नत्र आहे. ३०० झाडांच्या पाल्यात अर्धी गोणी आणि गोठ्याच्या जमिनीत मुरणाऱ्या मुतात एक! गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तो वास या नत्राचाच असतो. ते उडून चाललेलं असतं.

ते धरायला सिमेंटचा खर्च करायची गरज नाही. पाऊस लागायच्या आत तुमच्या काळ्या रानातली कोरडी, ढेकळं फोडलेली माती ट्रॉलीभर आणून गोठ्याशेजारी पत्र्याखाली साठवा. दावणीच्या मागच्या बाजूला, जिथे मूत पडतं तिथे, चार बोटं जाडीचा थर द्या. वर तुरीचं भुसकट, सोयाबीनचा भुसा, गव्हाणीत उरलेले कडब्याचे बुडखे, वाळका पाला, जे असेल ते पसरा. ओलं झालेलं रोज सकाळी शेणाबरोबर ओढून काढायचं आणि त्या जागी कोरडं टाकायचं. मातीचा थर पंधरा-वीस दिवसांनी उचलायचा. ही मुतानं भिजलेली काळी माती उकिरड्यात न टाकता थेट मुरमाड माळावर न्या. माळाला खतही मिळतं आणि त्याला जी नाही ती बारीक मातीही मिळते. वर्षाकाठी आठ-दहा गाड्या माती अशी ओढ्याकडून माळाकडे सरकली की पाच-सात वर्षांत त्या तुकड्याचा रंग बदलतो. मी हे माझ्या माहेरी होताना पाहिलंय. एक मात्र सांभाळा, दुभत्या गाईच्या बुडाखाली ओल साचू देऊ नका. ओल्या जागेवर बसून कासदाह होतो, म्हणजे आपल्याकडची दगडी, आणि तिनं होणारं नुकसान कोणत्याही खतानं भरून निघत नाही.

उकिरड्याचंही बघा. उघड्यावर, उन्हात, नुसता ढीग असेल तर वैशाखात वाळतो आणि आषाढात धुपून जातो. झाडाच्या सावलीत, उंचवट्यावर, तीन फूट खोल खड्डा घ्या. दर आठवड्याला शेणकाल्यावर दोन बोटं माती पसरा आणि पावसाचं पाणी आत येणार नाही असा बांध भोवती घाला. शेळ्यांच्या लेंड्या वेगळ्या ठेवता आल्या तर ठेवा. लेंडीखत शेणखतापेक्षा सकस असतं, फक्त लेंडी कडक असल्यामुळे उशिरा फुटते. आधी भिजवून, मातीत मिसळून महिना-दीड महिना मुरू दिली की काम सोपं होतं.

दोन गाईंच्या शेणात पाच एकर भागणार नाहीत, हे उघड आहे. तिथे नाडेपचा विचार करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, ही पद्धत बसवली ती कमी शेणात जास्त खत व्हावं म्हणूनच. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. एका टाक्याला चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा, सतरा-अठरा क्विंटल कोरडी चाळलेली माती आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. हे सगळं एक-दोन दिवसांत थरांनी भरून वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत निघतं. याला पाणी बरंच लागतं, म्हणून उन्हाळ्यात भरू नका. ऑक्टोबरात तण भरपूर असतं, विहिरीला पाणी असतं, तेव्हा भरा.

आता शिबिरवाल्यांच्या बाजूनं. ते पूर्ण चुकले असं नाही. पाला थेट मातीत घालावा अशीही वेळ असते, आणि ती वेळ पाऊस ठरवतो. आषाढ-श्रावणात बांधावर गवत असतं, शेळ्यांचं पोट भरतं, मातीत ओल असते आणि पाला कुजायला लागणारी ऊबही असते. त्या दिवसांतली, जुलै-ऑगस्टची छाटणी मातीला द्या. गिरिपुष्पाचा पाला ओलीत तीन आठवड्यांत निम्मा विरून जातो. मात्र तो पाच एकरांवर चिमूटचिमूट उधळू नका. एकच एकर धरा, माळावरचं, आणि तिथल्या तुरीच्या दोन ओळींमध्ये पसरून कोळप्यानं मातीआड करा. पुढच्या वर्षी दुसरं एकर.

दुसरी छाटणी दिवाळीनंतर, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला. ती सगळी जनावरांची. कारण थंडी सरता सरता गिरिपुष्प पानं टाकतं आणि मग उघड्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात. ज्या महिन्यांत तुम्हाला चाऱ्याची सगळ्यात ओढ असते, त्याच महिन्यांत झाड रिकामं असतं. म्हणून डिसेंबरात छाटून, सावलीत वाळवून, गोणपाटात दाबून ठेवा. उन्हात वाळवला तर पानाचा चुरा होतो आणि वाऱ्यावर जातो. निम्मा पाला, म्हणजे साडेसातशे किलो ओला, वाळून १८०-१९० किलो भरेल. फेब्रुवारी ते मे चार महिने रोज दीड किलो वाळका पाला तुमच्या हातात. सात शेळ्यांना शंभर-शंभर ग्रॅम आणि उरलेला आठशे ग्रॅम दोन्ही गाईंच्या कुट्टीत. थोडा वाटतो ना? पण प्रथिनांच्या हिशेबानं तो तीन गोण्या पेंडीच्या बरोबरीचा आहे, आणि तो कुठे पडतो त्यावर त्याची किंमत ठरते.

ते कसं, सांगते. कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात. जनावराच्या मोठ्या पोटात कडबा पचवतात ते जनावर स्वतः नव्हे, तिथले कोट्यवधी सूक्ष्मजीव. त्यांना काम करायला एकूण चाऱ्यात निदान सात टक्के प्रथिनं लागतात. तेवढी नसली तर गाय पोट भरून कडबा खाते आणि तरी खंगत जाते. शेण घट्ट, पोट ओढलेलं, भूकही मंद. अशा वेळी थोडासा हिरवा किंवा वाळका पाला मिळाला की तोच कडबा जास्त पचतो आणि जास्त खाल्लाही जातो. पाला स्वतःपुरतं पोषण देतोच, वर कडब्यालाही कामाला लावतो.

मातीतही हाच व्यवहार चालतो. तरुणपणी एकदा उत्साहात ज्वारीची धसकटं आणि काडं नांगरून गाडली आणि लगेच वर पेरणी केली. पीक महिनाभर पिवळं राहिलं. घरचे म्हणाले, रान नासवलंस. झालं असं की कोरडी काडं कुजवायला मातीतल्या जीवांना नत्र लागतं, ते काडात नव्हतं, म्हणून त्यांनी पिकाच्या वाट्याचं उचललं. काडाबरोबर हिरवा पाला किंवा शेणकाला पडला असता आणि पेरणी महिनाभर थांबली असती तर ते पिवळेपण आलं नसतं. गाईचं पोट आणि माती, दोघांनाही काडाबरोबर थोडं हिरवं लागतं. तुमच्याकडे काड भरपूर आहे, हिरवं कमी. म्हणून मी तुमच्या ३०० झाडांना इतकी किंमत देते, आणि म्हणूनच यंदाच्या पावसात त्यांची ५०० करा असं सांगते. हातभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या पहिल्या चांगल्या पावसात बांधावर रोवा; कोरडवाहूत बियाण्यावरची रोपं जास्त टिकतात, म्हणून निम्मी रोपं पिशवीत करून ठेवा.

खाऊ घालण्याबद्दल दोन गोष्टी. गिरिपुष्पाला उग्र वास असतो. गाई-शेळ्या पहिल्यांदा तोंड फिरवतात आणि लोक समजतात, हा पाला जनावर खात नाही. छाटलेला पाला रात्रभर सुकवून, कोमेजलेला, ओंजळभर कोंड्यात कालवून द्या. आठवडाभर असं केलं की शेळ्या मागून खातात. आपल्याकडे या झाडाला उंदीरमारी म्हणतात, त्यामुळे सासूबाई कदाचित घाबरतील. गाय, शेळी, मेंढी यांना तो मर्यादेत चालतो. घोडा आणि कोंबडी यांना घालू नये.

सुबाभूळ जास्त गोड लागते, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चालते. महिनोन्‌महिने नुसती सुबाभूळ खाल्ली तर लाळ गळते, शेपटीचे केस झडतात, गळ्याशी गाठ येते. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली, तिनं महाराष्ट्रभर सुबाभूळ नेली. त्या काळात काही ठिकाणी अति झालं आणि लोकांनी झाडाला दोष दिला. दोष झाडाचा नव्हता, एकाच चाऱ्यावर जनावर ठेवण्याचा होता. ज्वारीसाठी म्हणाल तर सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात, जे १९३३पासून आहे, रब्बी ज्वारीला सुबाभळीचा पाला घालण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे झालेत. पावसाळ्यात गाईंना नको असेल तेव्हा तुमच्या सुबाभळीचा पाला काळ्या रानाला द्या. शेंगा मात्र धरू देऊ नका. बी पडलं की पुढे बांधभर रोपं उपटत बसावं लागेल.

याच दिवसांत बाभळीच्या शेंगा पडतात. गोळा करायला मुलांना लावा. शेळ्यांसाठी उन्हाळ्यात याहून चांगलं फुकटचं खाद्य नाही. दिवसाला एका शेळीला मूठ-दोन मूठ पुरे, कारण त्या तुरट असतात आणि जास्त झाल्या की प्रथिनं बांधून ठेवतात. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, पण त्या भरडूनच द्या. सबंध दिल्या तर बी लेंडीतून जिवंत बाहेर येतं, खताबरोबर रानात जातं, आणि वेडी बाभूळ रानात आली की काय होतं ते तुमच्या भागात मी सांगायला नको. आणखी एक, ज्वारी काढल्यावर खोडाला कोवळे धुमारे फुटतात, त्यात शेळ्या सोडू नका. त्या कोवळ्या फुटीत विष असतं, जनावर तासाभरात जातं.

कडबा विकण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला ती ओळ सगळ्यात जास्त टोचली. मालदांडी ज्वारीचा कडबा शेकड्यावर विकला जातो, पैसे रोख येतात, हे मी समजते. पण टनभर कडब्याबरोबर दहा किलोहून जास्त पालाश आणि पाच-सहा किलो नत्र तुमच्या रानातून बाहेर जातं आणि परत येत नाही. ते विकून आणलेल्या पेंडीतलं नत्र गोठ्यात मुरून जातं. दोन्हीकडून गळती. सगळा कडबा ठेवा असं मी म्हणत नाही. यंदा कुट्टी करून बघा. सबंध पेंढी टाकली की गाय पानं खाते, बुडखे तुडवते. चौथा-तिसरा हिस्सा वाया जातो. कुट्टीनं तो वाचतो. मग वळईत किती उरतं ते पाहून जेवढा खरोखर जास्त आहे तेवढाच विका. उसाचे वाढे विकत आणत असाल तर नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून नेतं. दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हवंच.

अ‍ॅझोल्याबद्दल मुलाला माझ्याकडून एक गणित द्या. व्हिडिओत पंचवीस टक्के प्रथिनं सांगतात ती वाळल्यावरची. ओल्या अ‍ॅझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दोन किलो ओला अ‍ॅझोला वाळून सव्वाशे ग्रॅम होतो, त्यात प्रथिनं फार तर तीस ग्रॅम. तेवढी शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंडीत आरामात मिळतात, किंवा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वाळक्या गिरिपुष्पात. करमाळ्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की अ‍ॅझोला विरघळतो, आणि त्याचं पाणी बदलायला विहिरीत पाणी नसतं. जिथे बारमाही पाणी आणि सावली आहे तिथे करावा. तुमच्याकडे ते पाणी शेळ्यांना पाजा.

जीवामृताबद्दल मी जास्त काळजीनं लिहिते, कारण त्याच्यावर अनेकांची श्रद्धा आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. यातल्या सगळ्या नत्राची बेरीज केली तर दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम होते. एकरी पाच-सहा क्विंटल ज्वारी कडब्यासकट दहा-पंधरा किलो नत्र उचलते. जीवामृत हे विरजण आहे. विरजणानं दही लागतं ते दूध असेल तर. ज्या रानात काडीकचरा, शेणखत, पाला आहे तिथे विरजण घाला, जरूर घाला. ०.३८ कर्बाच्या उघड्या मुरमावर नुसतं ओतून शेणखत बंद करू नका.

आणि तो ०.३८ लवकर हलणार नाही, ही तयारी मनाची ठेवा. एक एकर रानाचा वरचा सहा इंचांचा थर नऊ लाख किलो भरतो. त्यात कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब मातीत टिकायला हवा. टनभर शेणखतात दीडशे किलोच्या आसपास कर्ब असतो आणि आपल्या उन्हात त्यातला बराचसा पहिल्या वर्षातच हवेत जातो. म्हणून दरवर्षी तपासणी करून निराश होऊ नका. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागची माती घ्या. त्याआधी खुणा दिसतील त्या वेगळ्या. पाऊस पडल्यावर माळावरून गढूळ पाणी कमी वाहील, कुळवाला रान मऊ लागेल, पावसाचा खंड पडला तर तूर चार दिवस उशिरा माना टाकेल.

माळावर बाजरीत तूर ठेवता का, ते तुम्ही लिहिलं नाही. नसाल ठेवत तर ठेवा. तुरीची पानगळ जागच्या जागी खत होते आणि भुसकट कडब्यापेक्षा सकस चारा. हुलगा, मटकी मुरमावर येतात आणि शेंगा तोडल्यावर पाला शेळ्यांचा. बांधाच्या उतारावर मद्रास अंजन आणि स्टायलो एकत्र टाका. एक गवत, एक शेंगवर्गीय, माती धरतात आणि कापणीही देतात. काळ्या रानात ज्वारीआधी ताग घ्यायचा मोह होईल. एकरी वीस-पंचवीस किलो बी, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताना गाडणं, हे ज्या वर्षी जून-जुलै चांगला लागला त्याच वर्षी करा. पाऊस हात आखडता घेईल असं वाटलं तर ताग ज्वारीच्या वाट्याची ओल पिऊन बसेल. बांधावरचा पाला ओल पीत नाही, उलट झाकून ठेवतो.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे तुमच्याकडून जात असतील. माळावर दोन-तीन रात्री मेंढ्या बसवा. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं, वाहतूक नाही, उकिरडा नाही. धान्य द्यावं लागेल, पण ते धान्य वाया गेलं असं समजू नका. सकाळी मेंढ्या उठल्या की त्याच दिवशी कुळव घाला.

शेवटी घरातल्या बोलाचालीबद्दल. पाला छाटणं, वाहणं, सुकवणं, गोठा ओढणं, ही सगळी कामं बायकांच्या अंगावर पडतात आणि पाला कुठे जावा हे मात्र पुरुष ठरवतात, असं मी घराघरांत पाहिलंय. तुमच्याकडे तसं असेल तर हे पत्र सासऱ्यांना वाचून दाखवा. त्यांना सांगा की तुमचं म्हणणं खरं निघालं, पाला जनावरालाच. मग लगेच अटीचा भागही वाचा, आणि गोठ्यातली माती पंधरा दिवसांनी उचलून माळावर टाकायचं काम त्यांच्याकडे आणि मुलाकडे द्या. छाटणीच्या दिवशी घरातले सगळे बांधावर असावेत. एकटीनं ३०० झाडं छाटायची नाहीत.

तुमची ताई

ता. क. : खिलार गाय गाभण आहे असं समासात बारीक अक्षरात लिहिलंत. तिला शेवटचे तीन महिने सुबाभूळ अजिबात नको. गिरिपुष्पाचा वाळका पाला मूठभर, बाकी कुट्टी, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण. डिसेंबरात पाला छाटाल तेव्हा दहा झाडांचा वेगळा तोलून बघा आणि आकडा मला कळवा. माझा अडीच किलोचा अंदाज तुमच्या मुरमावर खाली-वर असेल, आणि तसा असला तर वरचं सगळं गणित तुमच्या आकड्यानं पुन्हा मांडू.